एल्कच्या शिकारीला गेलेली गोधडी

आमच्या घराण्यातलं कोणीही आजवर एल्कच्या शिकारीला कॅनडात गेलेलं नाही. आमची एक गोधडी तेवढी जाऊन आली आहे.

(एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ. घोड्याएवढं धूड आणि डोक्यावर वाळक्या झाडासारखी शिंगं. मीही फोटोतच पाहिलाय.) लग्नकार्यात ही गोष्ट निघाली की माझी बायको सुलू ती तिच्या पद्धतीने सांगते, सगळे माझ्याकडे बघून हसतात आणि मी मुकाट्याने जिलबी खात बसतो. आज मी माझ्या पद्धतीने सांगणार आहे. कारण या प्रकरणात माझी एक तक्रार आहे, आणि ती आजवर कोणी धड ऐकूनच घेतलेली नाही!

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. रियाधच्या अल सुलै भागात, गोदामांच्या गर्दीत, आमची एसीचे पत्र्याचे डक्ट बनवायची शेड होती. चिपळूणहून पत्राकामगार म्हणून गेलो आणि कातरीने हात सोलून घेत घेत ती उभी केली. चालवायचो मी, कायद्याने मात्र ती माझ्या कफीलची, म्हणजे ज्याच्या जामिनावर मी तिथे राहत होतो त्या अबू फहदची. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, धंदा लिहिलेला होता ‘मजूर’. आणि मजुराला बायकापोरं कायमची आणता येत नसत.

सुलू आणि आमची तीन वर्षांची लेक चिऊ तेव्हा व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या आणि तो व्हिसा संपत आला होता. अबू फहदने एकदा कचेरीत येऊन माझा धंदा बदलून दिला असता तर दोघी राहिल्या असत्या. पण विचारलं की तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. हा उद्या कॅलेंडरवर सापडत नाही.

चिऊचं तर आणखीच निराळं. ती जन्मली तेव्हा मी रियाधला. विमानतळावर सुलू तिला म्हणाली, "हे बघ पप्पा!" पोरीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, "पप्पा फोनमध्ये असतात" असं सांगितलं आणि गोधडीत तोंड खुपसलं. ही गोधडी माझ्या सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली. चिऊ तिच्याशिवाय झोपत नसे. अल सुलैमधले भलेभले व्यापारी मी घासाघिशीत रडवले होते, पण ही कार्टी माझ्या हातचं बिस्कीट घ्यायची आणि परत गोधडीत! उचलून घ्यायला गेलो की किंकाळी.

तर अशा वेळी अबू फहदच्या डोक्यात एल्क शिरला. कॅनडातल्या शिकारीचं सगळं ठरलं. अडचण एकच: घोड्यावरून पडून त्याचं उजवं गळ्याजवळचं हाड पूर्वी मोडलेलं. बंदूक उडाली की दस्ता मागे खांद्यावर लाथ मारतो. डॉक्टरने सांगितलं होतं, ही लाथ हलकी असेल तरच जा.

"अरे दत्ता," तो म्हणाला, (त्याचं हिंदी निम्मं अरबी असायचं, मी मराठीत सांगतो) "तू तुझ्या गावात रानडुकरं मारलीस ना? मग काडतूस तूच निवड."

मी रानडुकरं मारली होती असं मी कधी म्हटलं नव्हतं. मी शिकारीला जायचो असं म्हटलं होतं. जायचो! बंदूकवाले पुढे दबा धरून बसायचे आणि मी हाकाऱ्यांबरोबर रान उठवत डालड्याचा डबा बडवायचो. पण तोंडातून शब्द निघाला, "निवडतो की! आणि तुम्ही तेवढं कचेरीचं बघा." अबू फहद म्हणाला, "काडतूस चांगलं निघालं तर कचेरीत येतो. बुकरा नाही. वल्लाह!"

वल्लाह म्हणजे शपथ. माझ्या अंगात दहा माणसांचं बळ आलं.

बंदुकीच्या दुकानात इद्रिस नावाचा उंच, सावकाश बोलणारा सुदानी विक्रेता होता. परवाना अबू फहदचा, तोंड माझं. इद्रिसने एक डबी पुढे ठेवली. "ही घ्या. एकशे पासष्ट ग्रेन वजनाची गोळी, अख्खी तांब्याची. आत शिरताना तुकडे होत नाहीत, म्हणून हलकी असूनही एल्कला पुरते. लाथ सोसवेल अशी. खांदा दुखणार हे माहीत असलं की माणूस चाप ओढतानाच दचकतो, आणि दचकलेल्या माणसाची मोठी गोळीसुद्धा हवेत जाते."

सगळं बरोबर होतं. आता कळतं. पण माझं लक्ष मागच्या फळीवर धूळ खात पडलेल्या डबीकडे गेलं होतं.

"ती काय?"

"दोनशे वीस ग्रेन. जड. ती तुमच्या कामाची नाही."

"भाव?"

भाव सारखाच निघाला! आता मला सांगा, कतीफच्या मासळीबाजारात एकाच किमतीत पापलेट आणि त्याहून मोठं पापलेट ठेवलं तर शहाणा माणूस काय उचलेल? मी जड डबी उचलली. हातात घेऊन वजन बघितलं. मग डबी धुळकट आहे म्हणून भाव पाडला, कोपरा चेपलाय म्हणून आणखी पाडला, मग दाराबाहेर जाऊन दोनदा परत आलो. "आणि वर काहीतरी फुकट द्या!" म्हणून काउंटरवर थाप मारली. इद्रिसने एक सुस्कारा सोडला, ती हलकी डबी उचलली आणि पिशवीत टाकली. "ही फुकट. पण आता जा."

"बघितलंत?" मी गाडीत अबू फहदला म्हटलं. त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की तीच माझी पहिली लाथ धरायला हरकत नाही.

शुक्रवारी त्याच्या खजुरीच्या बागेत चाचणी ठरली. आम्ही सहकुटुंब. सुलू आणि चिऊ बायकांच्या खोलीत, चिऊ गोधडी घेऊन दुपारची झोपलेली. बाहेर अबू फहद, त्याचे मित्र, कॉफी आणि वाळूच्या ढिगाऱ्यापुढे मांडलेला एक रिकामा डबा.

"आधी तू," अबू फहद म्हणाला. "तुझा खांदा धड आहे."

मी जड काडतूस भरलं, चित्रात बघितलं होतं तसा एक डोळा मिटला आणि चाप ओढला.

डब्याचं काय झालं ते मला माहीत नाही. मी खजुराच्या परातीत बसलो होतो. टोपी माझ्या मागे पडली होती आणि खांदा कोणीतरी हातोड्याने ठोकून काढल्यासारखा वाटत होता.

"कसं आहे?" अबू फहदने विचारलं.

"मुलायम!" मी म्हणालो. "पाय घसरला."

"मग पुन्हा मार. नीट बघू दे."

आता माझी पंचाईत बघा. हे काडतूस वाईट म्हणावं तर सौदा वाईट. सौदा वाईट तर दत्ता वाईट, कचेरी बुकरा, आणि चिऊ परत चिपळूणला, फोनमधल्या पप्पांकडे! "हात धुऊन येतो," म्हटलं आणि बायकांच्या खोलीच्या दाराशी गेलो. सुलू स्वयंपाकघरात होती. चिऊ गाढ. मी हळूच गोधडी ओढली, चौघडी घातली, खांद्यावर दाबली आणि पिकअपमधलं माझं थंडीतलं जॅकेट वरून चढवलं.

ऑक्टोबर महिना. रियाधचं ऊन. सगळे पातळ, पायघोळ तोबात, आणि मी गळ्यापर्यंत चेन लावून, एका बाजूला उंटासारखी मदार आलेला!

"दत्ता, थंडी वाजते?"

"जरा कणकण आहे."

मी गोळी झाडली. गोधडीने बिचारीने अर्धी लाथ खाल्ली, अर्धी मी. पण उभा राहिलो! हसलोसुद्धा. डोळ्यांतून पाणी येत होतं ते घामात मिसळून गेलं.

"माशाल्ला!" अबू फहद खूश. "आण इकडे." आणि त्याने बंदूक घेऊन तेच जड काडतूस भरलं.

त्याचं हाड आज इथे मोडलं तर उद्या कचेरीत कोण जाणार? "थांबा!" मी ओरडलो. "आमच्याकडे शिकारीआधी गाऱ्हाणं घालतात. त्याशिवाय बंदूक उचलत नाहीत!"

"दुआ?" त्याने विचारलं.

"तसंच समजा!"

मी हात जोडले आणि सुरुवात केली, "हे देवा महाराजा, आज ही लेकरं तुझ्यापुढे उभी आहेत..." गावाला प्रत्येक वाक्यानंतर मंडळी ‘होय महाराजा’ म्हणतात. इथे मी श्वास घ्यायला थांबलो की अबू फहद आणि मित्र गंभीरपणे म्हणत, "आमीन!" मी गाऱ्हाणं लांबवलं. डुकराचं नाव गाळून रानातलं एकेक जनावर घेतलं. मराठी कोणाला कळत नाही म्हणून मनातलंही घातलं, "महाराजा, माझी बायकापोरं इथेच राहू दे!" "आमीन!" "आणि या माणसाला ते काडतूस उडवायची बुद्धी नको देऊस!" "आमीन!" अबू फहदचा आवाज सगळ्यात मोठा.

तेवढ्यात आतून किंकाळी आली. चिऊ जागी झाली होती. पाठोपाठ सुलू, अबाया सावरत, ताडताड बाहेर.

"अहो! चिऊची गोधडी बघितलीत का?"

"कुठली गोधडी?"

"कुठली काय? एकच तर आहे! आणि हे जॅकेट कशाला घातलंय एवढ्या उन्हात? बरं नाही का—" असं म्हणत तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि तिची नजर माझ्या कॉलरकडे गेली. तिथून हिरव्या लुगड्याचा काठ डोकावत होता. तिने काठ धरला आणि ओढला. गोधडी येतच राहिली, येतच राहिली! हिरवं लुगडं, मग जांभळं, मग विटकरी, सगळ्या मित्रमंडळींसमोर. आणि मागोमाग सदऱ्याचं बटण तुटून माझा खांदा दिसला. तो जांभळ्या लुगड्याच्या रंगाचा झाला होता.

"मुलायम?" अबू फहदने विचारलं.

मी काही बोलायच्या आत तो हसायला लागला. बंदूक मित्राकडे दिली, धोतरासारखा तोब गोळा केला आणि वाळूत बसून हसला. मग गोधडी मागून घेतली, खांद्यावर ठेवून बघितली, पिशवीतलं फुकटचं हलकं काडतूस भरलं आणि उडवलं. डबा टणकन उडाला. त्याने खांदा हलवून बघितला. पुन्हा उडवलं. मग म्हणाला, "दत्ता, काडतूस हेच. पण ही गोधडी मी कॅनडाला नेणार. किती घेशील?"

हा माझा प्रांत. मी घसा खाकरला. पण सुलू मधे पडली. तिचं हिंदी चिपळूणच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

"भाईसाब, बेचने का नहीं. वापस लाने का. और पहले ये इनका कचेरी का काम."

"बुकरा," अबू फहद सवयीने म्हणाला.

"बुकरा नहीं! कल सवेरे!"

(बुकरा आणि कल यांत काय फरक, ते मला अजून समजलेलं नाही. त्याला समजला.) दुसऱ्या दिवशी सकाळी अबू फहद कचेरीच्या दारात माझ्या आधी हजर! मी ज्या सौद्यासाठी वर्षभर जोडे झिजवले, तो माझ्या बायकोने एका वाक्यात उरकला, तोही माझ्याच देखत. पण माझी तक्रार ही नाही.

गोधडी विमानात बसली आणि इकडे चिऊची झोप उडाली. दुसरं पांघरूण दिलं, फेकलं. सुलूची साडी दिली, फेकली. शेवटी सुलू थकून म्हणाली, "अहो, धरा हिला." मी भीतभीत धरली. किंकाळी आली नाही. पोरीने माझा सदरा हुंगला. त्या खांद्यावर गोधडीचा वास कुठेतरी राहिला असावा, नाहीतर सुलूने त्याला लावलेल्या हळदीचा असेल. तिने डोकं टेकलं ते नेमकं उजव्या खांद्यावर, नेमकं जांभळ्या जागी. मी तिला हळूच डाव्यावर घेतलं. तिने डोकं उचललं आणि पुन्हा उजव्यावर! मी दात आवळून खोलीत येरझारा घातल्या.

गोधडी परदेशी होती तोवर रोज हेच. शेडमधून आलो की ती दाराशी उभी, हात वर करून. "पप्पा, खांदा," एवढंच म्हणायची. दुखणं हळूहळू गेलं. तिचं वजन तेवढं राहिलं, आणि मानेवर तिचा श्वास. आयुष्यात कशाचा भाव करायचं मला सुचलं नाही असे ते दिवस.

मग एके दिवशी दारावर थाप. अबू फहद! हातात फोटो, काखेत गोधडी. "दत्ता! पहिल्याच गोळीत! खांद्याला काही नाही!" फोटोत एल्क आडवा, शेजारी अबू फहद, आणि त्याच्या खांद्यावर माझ्या सासूबाईंची लुगडी.

मी दार निम्मंच उघडलं. "एवढी घाई काय होती? ठेवा की अजून थोडे दिवस. आणखी एखादा एल्क नाही का मारायचा?"

"अहो, कोण आहे?" आतून सुलू. "गोधडी आली? आणा इकडे!"

चिऊ माझ्या खांद्यावर होती. तिने मान वळवली, गोधडी बघितली, आणि माझ्या अंगावरून अशी सरसर खाली उतरली की कतीफचा मासासुद्धा हातातून इतका चटकन निसटत नाही.

तर माझी तक्रार त्या एल्कबद्दल आहे. घोड्याएवढं धूड, चांगले चार पाय, अख्खा कॅनडा पळायला मोकळा. लेकाला आणखी पंधरा दिवस पळायला काय झालं होतं?