पत्र्याच्या नळ्याची होडी

वारा फुकट जाताना पाहून ज्याचा जीव तुटतो, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे थोरले साडू. मूळचे देवगडकडचे, पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला. समुद्र घाटाखाली राहिला, पण डोक्यातली शिडं काही उतरली नाहीत. जेवताना ते आमटीच्या वाटीत पापडाचा तुकडा उभा करून फुंकर मारत, आणि आमटी शेजाऱ्याच्या सदऱ्यावर गेली की म्हणत, "पाहिलंत? वाकडं शीड जास्त ओढतं." एकदा बांबूच्या कामट्या घातलेलं चटईचं शीड सायकलला बांधून ते निगडीच्या माळावर गेले. सायकल त्यांच्याशिवायच बाभळीत शिरली. गुडघ्याला हळद लावून घेताना तक्रार एवढीच, की वेग मोजायचा राहिला.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला त्यांनी ठरवलं, की शिडाला कापडच नको. पुरुषभर उंचीचा पत्र्याचा नळा होडीत उभा करायचा आणि हँडल मारून गरगर फिरवायचा. आडवा वारा त्याला घासून गेला, की होडी ओढली जाते. ऑफिसातले म्हणाले, "राव, पाण्याची टाकी घेऊन कुठं निघालात?" साडू हसले नाहीत. रावेतच्या बंधाऱ्यामागे नदीचं पाणी तुंबलेलं असे. तिथल्या एका शेतकऱ्याची होडी त्यांनी मागून घेतली. सुकाणूवर साडू, हँडलवर त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का. त्यांना पोहता येत नव्हतं.

"अक्का, तुम्ही कशाला?" मी काठावरून विचारलं.

"हे एकटे बुडाले तर शोधू कुठे?"

वारा आला, अक्कांनी हँडल मारलं, नळा खडखडला आणि होडी खरंच निघाली. पण मागे! बंधाऱ्यावरून पाणी कोसळत होतं, थेट त्या बाजूला. शेतकरी ओरडला, "आवो सायब, माघारी चाललाय! वल्हं मारा, वल्हं!" वल्हं साडूंनी मुद्दाम काठावर ठेवलं होतं, होडी वल्ह्यानेच चालली अशी उगाच कुणी शंका घ्यायला नको. साडू मात्र उभे राहून नाचायच्या बेतात. "अगं, मागे जातेय! म्हणजे ओढ आहे! तू उलटं फिरवतेयस, सुलटं फिरव!"

"आधी खाली बसा!" अक्का कडाडल्या आणि दुसऱ्या बाजूने त्यांनी हँडल असं काही फिरवलं, की होडी थबकली, थरथरली आणि हळूहळू बंधाऱ्यापासून दूर सरकू लागली. काठाला लागल्यावर अक्का आधी रडल्या, मग साडूंवर चिडल्या आणि मग त्यांनीच विचारलं, "पुढच्या रविवारी वारा असेल ना?" त्यानंतर कितीतरी रविवार ती दोघं तिथेच असायची.

अक्का गेल्या, तेव्हापासून बरेच दिवस साडू नदीकडे फिरकले नाहीत. मग एकदा त्यांचं बोलावणं आलं. मी गेलो, तर होडीवर साधं, तिकोनी, पांढरं शीड.

"नळा?" मी विचारलं.

"त्याला दोघं लागतात," ते म्हणाले आणि दोर सोडायला वाकले.

वारा चांगला होता. होडीही छान चालली. परत येताना साडू एवढंच म्हणाले, "हे फार सोपं आहे हो."