सुनेच्या माहेरचे मासे

आता तुझ्या आईचं लिही. माझी सून म्हणून सांगत नाही, पण तिच्यासारखी शिवणारी बाई अख्ख्या गल्लीत नाही. कपडा हातात आला की आधी लोंबणारे दोरे कातरणार, मग बोलणार. पाहुण्याच्या बाहीला दोरा दिसला तरी हिचे हात शिवशिवतात.

तिच्या मशीनशेजारची काचेची टाकी आली ती तिचे वडील गेल्यावर. त्यांच्याकडे मोठी टाकी होती, निळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे. घर विकलं, टाकी कुणीतरी नेली, हिने तेवढे सहा मासे बरणीतून आणले. माहेरचं म्हणून एवढंच उरलं तिला. त्यातले चार म्हातारे होऊन गेले. राहिले दोन, एक नर नि एक मादी. ते गेले की संपलं.

अंडी व्हायची, नाही असं नाही. सकाळी उजेड पडला की नर मादीच्या मागे लागायचा, अंडी वाळूवर सांडायची, नि दोघं वळून ती मटामट खाऊन टाकायचे.

"कसले आईबाप हे," माझा मुलगा चहा पिता पिता म्हणायचा. "स्वतःची पोरं नाश्त्याला."

"बाबांकडे व्हायची पिल्लं. काही न करता व्हायची."

"मग तुझ्याकडेच का होत नाहीत?"

ती मशीन जोरात चालवायला लागायची.

एका दुपारी दोरे कातरायची छोटी कात्री घेऊन ती टाकीतली झाडं छाटत होती. आठवड्याला छाटायचीच. एक पान वेडंवाकडं चालायचं नाही, खालची वाळू लख्ख दिसली पाहिजे. छाटता छाटता हात पाण्यातच राहिला तिचा.

"आई, बाबांची टाकी म्हणजे नुसतं रान होतं हो. जरा साफ करा म्हणून मी ओरडायचे त्यांना."

"बरं, मग?"

"अंडी त्या गचपणात पडत असणार. माशांचं तोंड पोचत नसणार तिथवर. मी लपायला जागाच ठेवली नाही." नि कात्री माझ्या मांडीवर टाकली. "तुमच्याकडे ठेवा. मागितली तरी देऊ नका."

मागितली की. दोनदा मागितली. मी पदराखाली धरून बसले. पाण्यातल्या शेवाळाचे झुबके तिने तळाशी दाबून बसवले, झाडं वाटेल तशी वाढू दिली. "यात मासे आहेत का साप?" मुलगा म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

मग परत एका सकाळी नर-मादीची धावाधाव झाली. अंडी सांडून झाली तशी हिने दोन्ही मोठे मासे बादलीत काढले. नि थोड्याच दिवसांत बघते तर ही काचेला नाक लावून बसलेली. पापणीच्या केसाएवढं काहीतरी काचेला चिकटलेलं, त्याला दोन डोळे. शेजारी दुसरं, तिसरं. पोहायला लागले तसा उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक अस्तराच्या कापडातून पिळून घालायची. थेंबभरच, नाहीतर पाणी नासतं. काही गेले बिचारे. पण बरेच तगले, नि अंगावर पट्टे उमटले.

परवा एक बाई माप द्यायला आली. टाकीपुढून हलेना. "कुठल्या दुकानातून आणलेत हो?"

"दुकानातले कसले," सुनेच्या आधी मीच बोलले. "हिच्या माहेरचे आहेत. या घरात जन्मलेत, हिने वाढवलेत."

तुझ्या आईने मान वर केली नाही. पण मशीनवरचा पाय थांबला होता तिचा.