साडभाऊंची आकाशगंगा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच: भिलाईतल्या सर्वांत थोर वेड्याची फजिती माझ्यामुळे झाली. हा वेडा म्हणजे माझ्या मेव्हणीचे यजमान. आम्ही एकमेकांना साडभाऊ म्हणतो. सारा मुलूख इथे पोलाद काढायला जमला होता, ह्यांना दुसऱ्या आकाशगंगेचा फोटो काढायचा होता. जागाही काय निवडली! भट्टीचा उकळता स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी, ओतला की सेक्टर सहाचं आभाळ लालभडक होई. चांदण्या बघायच्या तर डोळे मिटावे लागत. म्हणून दर अमावास्येला लोखंडी नळीची दुर्बीण सायकलला बांधून स्वारी गावाबाहेर नंदिनी खाणीच्या माळावर निघे. शेजारी मुलांना घरात ओढत. जादूटोण्याच्या संशयाला ह्याहून चांगलं सोंग कुठलं? मेव्हणी दारातून ओरडे, "लाखो वर्षं दुरून उजेड येऊन राह्यला म्हणे! अन् चौकातून साखर कावून येत नाही?"

"साखर उद्या भेटन," साडभाऊ म्हणत. "अमावस उद्या नाही."

एकदा मलाही नेलं. फोटोला तास-दीड तास लागायचा आणि तारे तर सरकतात. म्हणून मोठीला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून, एक तारा फुलीवर धरून, नळी ताऱ्यामागे सरकवणारं दातेरी चाक हातानं फिरवत राहायचं. हे काम माझं. ते स्वतः खाणीच्या रस्त्यावर चुनखडीचे ट्रक अडवत हात जोडून उभे: "ड्रायवर साहब, बत्ती बुझाके जाइए, फोटू निकल रहा है!"

"किसका?"

साडभाऊ वर बोट दाखवत. ड्रायव्हर मुकाट्यानं बत्ती विझवत. असल्या माणसाशी वाद कोण घालणार?

मी पहाटे उठून फर्स्ट शिफ्ट केली होती, वर एवढी सायकल हाणली होती. डोळा लावला आणि लावल्या जागी झोपलो. पावलं वाजली तसा दचकून चाक फिरवायला लागलो.

"तारा सुटला तर नाही, साडभाऊ?"

"छे!" मी म्हटलं.

घरी फोटोची काच धुतली तर तिच्यावर शेवया. प्रत्येक ताऱ्याची एक, आणि मधोमध आकाशगंगा, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी. त्यांनी काच दिव्यापुढे धरली. मग म्हणाले, "माह्याच चाकाचे दाते चुकले. तुमी बिचारे फुकट जागले."

मी चहा प्यालो.

पुढे वर्षभर त्यांनी ते निर्दोष चाक कानशीनं घासलं, घासून घासून निकामी केलं. आता नळीवर दोडक्याचा वेल चढलाय. दोडके मात्र झकास येतात. पाहुणे आले की माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "या माणसानं माह्यासाठी डोया नाही मिटला." आणि अमावास्येला अजून अंगणात येतात, नंदिनीच्या दिशेनं बघतात, आत जातात.

मी त्यांचं एक खरं वाक्य देणं लागतो, आणि एक जागलेली रात्र.