माझी मान इथिओपियाने तपासली

माझ्या मानेची तपासणी इथिओपियात झालेली आहे. त्यासाठी मी जयपूर सोडलं नव्हतं, आणि माझ्या मानेला काहीही झालेलं नव्हतं.

जयपूरच्या मानसरोवर भागात मेट्रोचे खांब उभे राहायच्या आधीची ही हकीकत. आपल्या सरकारने आफ्रिकेतल्या देशांबरोबर मिळून एक योजना काढली होती. इथल्या डॉक्टरांनी इथेच बसून उपग्रहामार्फत तिथले रुग्ण पाहायचे, आणि इथल्या शिक्षकांनी तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवायचं. जयपूरच्या एका इस्पितळात त्यासाठी स्टुडिओ थाटला होता. तिथून आमच्या सौ.ला, म्हणजे सुमेधाला, बोलावणं आलं. ती फिजिओथेरपिस्ट. इथिओपियातल्या विद्यार्थ्यांसाठी एकूण बारा व्याख्यानं होती. पहिलं कसं होतंय ते पाहून बाकीच्या अकरांचं ठरणार होतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी विमा कंपनीतला बदलीवाला अधिकारी. सातारा सोडल्यापासून आमच्या सहा बदल्या झाल्या, आणि दर वेळी सुमेधाने जम बसलेलं क्लिनिक बंद करून नव्या गावात पहिल्यापासून सुरुवात केली. तक्रार एका शब्दाने नाही. (टोमणे बरेच, पण ते तक्रारीत धरत नाहीत.) ही बारा व्याख्यानं मात्र तिची होती. माझी उद्या कुठेही बदली झाली तरी ती तिच्या नावावर राहणार होती. ती तिला मिळावीत असं मला मनापासून वाटत होतं. पुढे जे घडलं ते या कळकळीतूनच घडलं, असं मी आजही म्हणतो. घरात कुणी मानत नाही.

पहिल्या व्याख्यानाचा विषय होता, रुग्णाला प्रश्न विचारून दुखणं कसं ओळखावं. त्यासाठी एक रुग्ण हवा होता. मुरलीपुऱ्यात लेथ चालवणारे एक शर्माजी सुमेधाकडे यायचे. त्यांची मान धरलेली आणि कळ डाव्या हातात उतरायची, अगदी पुस्तकातलं दुखणं. ते यायला कबूलही झाले होते. पण दोन दिवस आधी शर्माजी मिठाईचा डबा घेऊन दारात उभे. सुमेधाच्या उपचाराने लेकाचे ठणठणीत बरे झाले होते!

सुमेधा डोक्याला हात लावून बसली. "आता ऐन वेळी रुग्ण कुठून आणू?"

"मी आहे की," मी म्हणालो.

"तुमची मान दुखते?"

"नाही. पण दुखवीन."

आमची गार्गी तेव्हा बारावीत होती. शाळा हिंदी-इंग्रजीत, मराठी फक्त घरात आणि भांडणात. ती घाबरून म्हणाली, "आई, नको ना. मतलब, बाबा ओव्हरॲक्टिंग करतात."

तिचा रोख मंडळाच्या नाटकांकडे होता. जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात दर गणेशोत्सवाला नाटक होतं आणि त्यात मला दर वर्षी काम असतं. एका वर्षी पोस्टमन, एका वर्षी शेजारी, एका वर्षी वकिलाचा कारकून. माझं आजवरचं सगळ्यात लांब वाक्य, "साहेब, तुमची तार आली आहे, इथे सही करा." अशा माणसाला एकदम उपग्रहावर प्रमुख भूमिका मिळत होती!

सुमेधाने नाइलाजाने मला पाठ दिला. "नीट ऐका. मान डावीकडे वळत नाही. कळ डाव्या हातात जाते. अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. एवढंच सांगायचं. चौथं वाक्य नाही."

"आणि हा माणूस स्वभावाने कसा आहे?"

"अहो, त्याची मान दुखतेय. बास."

व्याख्यानाच्या दिवशी मी दाढी अर्धवट ठेवून गेलो. (दुखणाईत माणूस नीट दाढी कुठे करतो?) दिल्लीहून एक निरीक्षक बाई वही घेऊन आल्या होत्या, त्यांच्या शेजारी गार्गी बसली. समोरच्या पडद्यावर इथिओपियातला वर्ग दिसत होता, वीस-पंचवीस मुलंमुली अगदी शिस्तीत बसलेली. यंत्रं सांभाळणारे माथुरजी मला म्हणाले, "साहब, आवाज़ जाने-आने में थोड़ा टाइम लगता है. एक बात बोलकर रुक जाइए."

रुकणं! आमच्या मंडळाच्या नाटकात शांतता पसरली की समजायचं, कुणीतरी वाक्य विसरलंय. मग जो जवळ असेल त्याने सुचेल ते बोलून प्रसंग सावरायचा. आदल्याच वर्षी मी पोस्टमन असून दुसऱ्या अंकात तिघांची वाक्यं मारून नेली होती.

सुमेधाने छान सुरुवात केली आणि प्रश्न विचारायला सांगितलं. बोलणं इंग्रजीत होतं, पण मी आपल्या भाषेत सांगतो. पहिल्या रांगेतल्या मुलाने विचारलं, "कुठे दुखतं?"

"मानेत," मी विव्हळलो.

शांतता. पंचवीस चेहरे माझ्याकडे नुसते बघतायत.

"आणि हातात," मी सावरून घेतलं. तरी शांतता. "शिवाय पाठीत." कुणी हलेना. "कधीकधी डाव्या गुडघ्यातसुद्धा!"

तेव्हा कुठे तिकडून आवाज आला, "मानेत. बरं." मग एकामागून एक हात, पाठ आणि गुडघा तिथे पोचले, आणि मुलं भराभरा लिहायला लागली. आपण बोलतोय आणि परदेशात लोक लिहून घेतायत, हे पाहून मला स्फुरण चढलं.

"चक्कर येते?"

"येते." शांतता. "बसल्याबसल्या येते."

"डोळ्यांपुढे अंधारी?"

"एकाच डोळ्यापुढे."

"घाम सुटतो?"

"सकाळी सहा ते आठ."

मागच्या रांगेतला एक मुलगा ताडकन उभा राहिला. "मॅडम, व्याख्यान थांबवा. हा माणूस हृदयाच्या किंवा मेंदूच्या झटक्याच्या तोंडावर आहे. त्यांना आधी दाखल करा."

त्या खोलीत माझ्या अभिनयावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, माथुरजी. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि दाराबाहेर तोंड काढून हाक मारली. इस्पितळच ते, स्ट्रेचर लगेच आलं. गार्गी तोंडावर ओढणी धरून हसत होती, तिच्याकडे मी रागाने पाहिलं. मग तिच्या शेजारी निरीक्षक बाईंनी वही मिटलेली दिसली आणि माझा सगळा अभिनय उतरला. सुमेधा पांढरीफटक पडली होती. बावीस वर्षं या बाईची क्लिनिकं माझ्यापायी बंद पडली, आणि आता हे पहिलंच व्याख्यानही मीच बंद पाडत होतो. मला खरोखरच घाम फुटला.

इतक्यात कडेला बसलेल्या एका मुलीने हात वर केला. हॅना तिचं नाव. तोवर तिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

"मॅडम, मी ऐकत नव्हते, बघत होते," ती संकोचून म्हणाली. "पाण्याचा ग्लास त्यांनी डाव्या हाताने घेतला. पलीकडे कुणीतरी हसलं तेव्हा मान पूर्ण डावीकडे वळवून पाहिलं. सर, मला क्षमा करा, पण तुम्हाला काहीही झालेलं नाही."

आता तुम्हाला सांगतो, ऑफिसात माझं काम दावे तपासण्याचं. लोकांची खोटी दुखणी पकडण्याबद्दल माझा दोन वेळा सत्कार झालाय. आणि मला पकडलं समुद्रापलीकडच्या एका विद्यार्थिनीने, दहा मिनिटांत.

सुमेधाने आधी हॅनाचं वाक्य सगळ्या वर्गात मुरू दिलं. मग म्हणाली, "शाबास. हे गृहस्थ माझे यजमान आहेत, आणि मी यांना फक्त तीन लक्षणं सांगितली होती." हसू तिकडून क्षणभर उशिरा आलं, पण आलं ते खोलीभर भरून राहावं इतकं. मग तिने खडू उचलला. मी बरळलेलं एकेक दुखणं फळ्यावर लिहिलं आणि कोणती कळ कोणत्या नसेतून उतरते, यातलं काय एका शरीरात एका वेळी असूच शकत नाही, आणि रुग्णाच्या तोंडाइतकंच त्याच्या हातांकडे का पाहावं, हे असं उलगडून सांगितलं की माथुरजीसुद्धा लिहून घ्यायला लागले. मी स्ट्रेचरवर बसून ऐकत होतो. (खुर्ची माथुरजींनी नेली होती.) लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण तिला शिकवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ऊर भरून आला. निरीक्षक बाईंनी वही कधीच परत उघडली होती.

उरलेली अकरा व्याख्यानं तिला मिळाली, आणि पुढच्या वर्षी आणखी बारा. एकदा तिकडच्या वर्गाने रीतसर विनंती पाठवली की तेच रुग्ण पुन्हा पाठवावेत. माझ्या नाट्यजीवनातला हा पहिला वन्स मोअर! सुमेधाने तो लगेच मान्य केला. व्याख्यानाचा विषय होता, बेशुद्ध रुग्णाची कूस कशी बदलावी. तास संपेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, आणि तेच माझं आजवरचं सर्वोत्तम काम, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे.