मुक्या साहेबांचा निकाल

परवाना कचेरीच्या मागच्या मैदानावर गाडीची परीक्षा घेणाऱ्या साहेबांना सगळं गाव 'मुके साहेब' म्हणायचं. तसे ते मुके नव्हते. घरी बायकोशी वाद घालताना त्यांचा आवाज शेजारपाजारी पोचायचा. पण मैदानावर ओठ शिवलेले. उमेदवाराच्या शेजारी बसायचं, बोटाने दिशा दाखवायची, कागदावर खूण करायची आणि उतरायचं. पास की नापास, ते दुपारी खिडकीवर कळायचं. उमेदवाराशी बोललं की ओळख निघते, ओळख निघाली की चहा निघतो, आणि चहानंतर काय निघतं ते सांगायला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. उभ्या नोकरीत या माणसाने कुणाचा चहासुद्धा घेतला नाही.

आता गंमत बघा. कचेरीच्या फाटकाबाहेर झाडाखाली एक एजंट बसायचा. सकाळी तो प्रत्येक उमेदवाराकडून 'साहेबांचे' म्हणून पैसे घ्यायचा, खिशात टाकायचा आणि निवांत पेपर वाचत बसायचा. आत जायचा नाही की साहेबांना साधा नमस्कार करायचा नाही. दुपारी निकाल लागला की पास झालेल्यांना म्हणायचा, "झालं ना काम? साहेबांना पोचले." नापास झालेल्यांचे पैसे इमानेइतबारे परत करायचा, "साहेब आज ऐकेनात, पुढच्या खेपेला बघू." लोक खूश. एवढा सचोटीचा एजंट दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं गावात बोललं जायचं. आणि मुके साहेब दिसतात गरीब, पण खातात बरं का, असंही बोललं जायचं. एकट्या साहेबांना तेवढं ठाऊक नव्हतं, कारण ते कुणाशी बोलतच नव्हते.

दरवर्षी पेपरात जगातल्या देशांची ती यादी यायची, कुठल्या देशात भ्रष्टाचार कमी आहे असं मानतात आणि कुठे जास्त. साहेब चष्मा पुसून आपला देश शोधायचे. तो नेहमी खालच्या अंगाला सापडायचा आणि त्यांचा अख्खा दिवस वाया जायचा. "आम्ही इथे मरमर मरायचं आणि देशाचं नाक दुसऱ्यांनी कापायचं," असं म्हणून ते पेपर आपटायचे.

"ती यादी काय तुमच्या एकट्याकडे बघून काढतात?" बायको विचारायची.

त्या वर्षी मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. हसरी, कामाला चटपटीत, पण सासऱ्यांशी जेवढ्यास तेवढं. 'बाबा' म्हणायची वेळ आली की ती काहीच न म्हणता थेट कामाचं बोलायची. दारात गाडी होती, तिच्याकडे परवाना होता, तरी बाजारात चालत जायची. लाजाळू असेल पोर, असं साहेबांना वाटायचं.

एका रविवारी दारात पाहणीवाली बाई उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. सरकारी कामातल्या लाचलुचपतीबद्दल लोकांना काय वाटतं, ते विचारत ती घरोघर फिरत होती. साहेबांनी तिला मोठ्या उत्साहाने आत घेतलं. त्यांच्या पोटात वर्षानुवर्षांचं साठलं होतं. पण बाई म्हणाली, "घरात ज्यांचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, त्यांनाच मी विचारू शकते. तसा नियम आहे आमचा." वाढदिवस नुकताच सुनेचा झाला होता. साहेबांचं तोंड उतरलं. "आणि आम्ही दोघीच बसलो तर बरं," बाई म्हणाली.

"आमच्या घरात लपवाछपवी नाही हो," सासूबाईंनी ठणकावलं. "विचारा की इथेच." या वाक्याचा पुढे त्यांना फार पस्तावा झाला.

पहिले प्रश्न साधे होते. सरकारी कामात भ्रष्टाचार किती आहे असं वाटतं? सून म्हणाली, बराच. साहेब पेपरामागून मान डोलावत होते. मग बाईने वाचलं, "गेल्या दोन वर्षांत तुम्हाला स्वतःला कुठल्या कामासाठी लाच द्यावी लागली का?"

सुनेने सासऱ्यांकडे बघितलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "हो," ती म्हणाली. "गाडीच्या परवान्यासाठी."

पेपर खाली आला. पाहणीवालीच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटलं नाही, तिला शिकवणच तशी होती. तिने खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

बाई गेल्यावर साहेबांनी कसंबसं विचारलं, "माझ्याच मैदानावर?"

"हो. फाटकाबाहेरच्या काकांना दिले. तुमचे म्हणून." सून रडकुंडीला आली होती. "लग्न ठरायच्या आधीचं आहे हे. तुम्हीच ते साहेब, हे तुम्ही बोलणी करायला आलात तेव्हा कळलं."

"अगं, मी आजवर कुणाचा एक पैसा घेतला नाही!"

"मग मी पास कशी झाले? मला कुठे येते गाडी? पैसे दिले म्हणून झाले पास. म्हणून तर भीती वाटते, गाडीला हात लावत नाही मी."

हे साहेबांना जास्त लागलं. स्वतःला चोर म्हटलेलं त्यांनी एक वेळ गिळलं असतं. पण ही हुशार पोरगी स्वतःची कमाई विकतची समजून पायी फिरत होती, आणि ते त्यांना सहन होईना. त्यांनी शपथा घेतल्या, बायकोने साक्ष दिली. पण उंदराला मांजर साक्ष म्हटल्यावर सुनेने विश्वास कसा ठेवावा? तिने सगळं ऐकून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन पुन्हा चालत गेली.

साहेबांना मात्र एक गोष्ट उमगली. आपण गप्प बसलो म्हणून त्या एजंटाचं दुकान चाललं. परीक्षा आणि निकाल यांच्या मधला वेळ त्याने विकला, आणि तो त्याला आपणच दिला.

सकाळी मैदानावर त्यांनी घसा खाकरला. "आजपासून निकाल इथेच, सगळ्यांसमोर. का पास, का नापास, तेही सांगणार." घरातलं कपाट बोलायला लागावं तसे उमेदवार दचकले. पहिल्याला ते म्हणाले, "चढावर गाडी मागे घसरली. नापास. ब्रेक घाईने सोडू नका, सराव करून या." दुसरी बाई पास झाली, पण गाडीतून उतरेना. "मग बाहेरच्या काकांना दिले ते कशाचे?" तिने विचारलं.

"ते काकांनाच विचारा."

सगळी रांग फाटकाकडे वळली. एजंटाने पैसे परत केले आणि लांबूनच ओरडला, "साहेब, पोटावर पाय दिलात!" साहेबांनी वर रीतसर तक्रारही केली. ती अजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते आहे. पण झाडाखालची जागा मात्र रिकामी झाली.

त्या वर्षीची यादी आली तेव्हा देश होता तिथेच होता. साहेबांनी पेपर आपटला नाही. त्या पाहणीवालीच्या टॅबलेटात अशा किती सुनांचं 'हो' असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं.

आणि मग एक दिवस रांगेत सुनेचा भाऊ उभा. घरचेच साहेब म्हणून स्वारी शीळ वाजवत आली होती. साहेबांनी त्याला पुढे घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा माझ्या सुनेचा भाऊ. मंडळी, नीट लक्ष ठेवा." भावाने गाडी मागे घेतली आणि कोपऱ्यातला खांब आडवा केला. साहेबांनी तोंड उघडायच्या आत रांगच ओरडली, "नापास!"

संध्याकाळी साहेब घरात चोरपावलांनी शिरले. सुनेच्या माहेरचा फोन आधीच येऊन गेला होता. "सोयऱ्याला कुणी नापास करतं का हो?" बायकोने सुरुवात केली. सून दारातच उभी होती.

"खरंच खांब पाडला त्याने?" तिने विचारलं.

"आडवाच केला."

"आणि माझ्या वेळी तर तुम्ही मला ओळखतही नव्हता." ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. मग एकदम हसली. "म्हणजे मी खरंच पास झाले होते!"

तिने खिळ्यावरची किल्ली काढली. "बाबा, चला. भाजी आणायची आहे."

साहेब मुकाट्याने शेजारी बसले. जुन्या सवयीने बोटाने डावीकडे, उजवीकडे दाखवत राहिले. बाजारात दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सुनेने गाडी मागे घेतली, बंद केली आणि त्यांच्याकडे बघितलं. "बोला की आता."

साहेबांनी बोट खाली घेतलं. "आरसा बघितलास, हळू मागे घेतलीस, कुठे घासली नाहीस," ते म्हणाले. "पास. तेव्हाही अशीच पास झाली होतीस, पोरी. मीच सांगितलं नव्हतं."