भुजंग आधी खोड का सांगतो

भोकरदनच्या जनावरांच्या बाजारात तुम्ही कधी गेल्ते का? गेले असाल तर माझा भाऊ भुजंग तुम्ही पाह्यलाच असंल. बुटका गडी, लाल पटका, हातात कासरा. बैल इकायला उभा केला की गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आधी ह्याचं सुरू होतं. "पावनं, हा डावीकडं ओढतो. चिखलात बसून घेतो. आता बोला." बाकीचे लोक शिंगाला तेल चोपडून, झूल टाकून खोड झाकून राह्यलेले असतात, आन हा आधी खोड सांगतो, मंग भाव. आन गंमत पाहा, बाजारात सगळ्यात आधी ह्याचंच जनावर इकतं. हसनाबादचे महेमूदभाई तर ह्याच्या बैलाचे दात बी मोजत न्हाईत. फक्त एक इचारतात, "भुजंग बेटा, गोवरी एकच ना?" मंग दोघं बी हसतात. नवीन माणूस नुसता पाहत राहतो, का बैलाचा आन गोवरीचा संबंध काय.

लोक मंग मला इचारतात, "रामराव, ही काय भानगड हाय?" मलाच इचारणार. घरातला थोरला मी. चार इयत्ता शिकलो, मराठी लिहितो, उर्दूची पाटी वाचतो, आन जालन्याच्या जिनिंगमधी कैक हंगाम काढले. केदारखेड्यात माझ्याइतकं जग कुनी पाह्यलं न्हाई. हे मी म्हणत न्हाई, गाव म्हणतं.

तर ऐका. राज्य निजामाचं होतं, रझाकारांची गडबड अजून लई लांब होती. भुजंग तव्हा आठ-नऊ वर्षांचा आसंल, आन आमची बहीण तुळजा त्याच्याहून बारकी. आबाचं नाव कारभारी, मायचं सगुणाबाई. घरी एक म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिला चांदी म्हणायचे. तिला चारायचं काम भुजंगचं. नदीवर नेताना हा तिच्या पाठीवर पालथा पडून जायचा, आन ती बी अशी चालायची, जसं काही डोक्यावर भरलेली घागर हाय.

आमच्या घरात घड्याळ न्हवतं. निजायची येळ माय गोवरीवर ठरवायची. दिवस मावळला, भाकरी झाल्या, की परसातल्या बारक्या चुलीत माय एकच गोवरी लावायची आन वर दुधाचं मडकं ठेवायची. ती गोवरी कुढत कुढत जळायची, दूध आळत जायचं, वर जाड साय धरायची. गोवरीची राख झाली की माय मडकं उतरवायची, आन उतरवता उतरवता म्हणायची, "इझली. निजा आता." त्याच्यावर अपील न्हवतं. आबाला बी न्हवतं.

मी उन्हाळ्यात जिन बंद झाला की घरी यायचो. आन मी आलो की त्या चुलीपाशी काय मैफल जमायची! मी जालन्याच्या गोष्टी सांगायचो. जिनाचा भोंगा कसा वाजतो, सरकी एकीकडं आन रुई एकीकडं कशी पडते, साहेबाच्या बंगल्यावरचा दिवा बिनतेलाचा कसा जळतो. माझ्यासारखं सांगणारा तालुक्यात न्हाई. भुजंगचं तोंड उघडं ते उघडंच.

"भाऊ, तेल न्हाई तर जळतो कशावर?"

"तारेवर."

"तार जळून जात न्हाई?"

"न्हाई."

"मंग फुंकर मारली तर इझतो का?"

"फुंकून फुंकून गाल फुटले तरी इझत न्हाई."

"मंग इझवतात कसा?"

मी जरा थांबलो. रंगात आलेला माणूस थांबतोच. तेवढ्यात मागून मायचा आवाज, "इझली. निजा आता."

"माय, फक्त दिवा कसा इझवतात तेवढं..."

"आपला इझला ना? साहेबाचा साहेब पाहून घेईल."

रोज हेच. गोष्ट नेमकी वळणावर यायची आन गोवरी राख व्हायची. मंग ह्या दोघा बारक्यांनी तोड काढली. माय चांदीला कडबा टाकायला गोठ्याकडं वळली, की तुळजा तिच्या मागं जायची. "माय, चांदीच्या कानात गोचीड हाय का पाह्य ना." माय कान पाहून राह्यली, की इकडं भुजंग दुसरी गोवरी फोडून हळूच राखेखाली सारायचा. माय येऊन पाह्यची, तर आजून धग हाय! बसा मंग. गोष्ट चालू. मला ह्याचा पत्ता न्हवता. मी सांगायला बसलो की माझं ध्यान गोष्टीवर, चुलीत कोन काय सारून राह्यलं ते मी कशाला पाहू? मला वाटायचं, यंदा मी इतकं झकास सांगतोय की मायनंच गोवरी मोठी थापली.

पन दूध काय गोष्ट ऐकत न्हवतं. ते दोन गोवऱ्यांच्या धगीनं बुडाला लागायचं.

पहिल्यांदा ते शेजारच्या नूरबीनं येऊन सांगितलं. ती रोज आमच्याकडून वाटीभर दही न्यायची. एका सकाळी वाटी तशीच परत. "सगुणा, बुरा मत मान. दह्याला जळका वास येतो."

मायचा चेहरा उतरला. तिच्या दह्याचं नाव गावात होतं. तिनं बोट बुडवून चाटलं. वास बराबर येत होता.

तिथून माय त्या वासाच्या मागं लागली. आधी मडकं बदललं. कुंभाराकडचं कोरं आणलं. वास. मंग चूल उकरून दुसरीकडं मांडली. वास. मंग कडबा बदलला, पाणी आडाचं सोडून नदीचं पाजलं. वास. धार काढल्या काढल्या आबानं कच्चं दूध पिऊन पाह्यलं, तर ते मधासारखं. मडक्यात तापलं की बिघडायचं. "गोवरी एकच," माय सोताशीच म्हणायची, "मडकं नवं, चूल नवी. मंग हे येतं कुठून?"

नूरबीनं डोकं लावलं. "बाई, ये दूध का कसूर है. म्हशीच्या अंगात गर्मी हाय. तिचं दूध चुलीचा इस्तू सोसत न्हाई."

आता तुम्ही हसाल. पन इचार करा, बाकी सगळं बदलून झालं होतं. एक म्हैसच तेवढी तीच होती. गावातल्या जाणत्या लोकांनी बी माना हलवल्या. इस्तू न सोसणारं दूध कुनी पाह्यलं न्हवतं, पन ऐकलेलं समद्यांनीच होतं.

एका दुपारी आबा म्हणाले, "चांदीला भोकरदनला नेतो. दुसरी घेऊ."

भुजंग हातातली भाकर तशीच धरून बसला. त्या दिवसापासून त्यानं दुसरी गोवरी सारायची बंद केली. मला आठवतं, गोष्टी मधीच तुटायला लागल्या होत्या, आन मला त्याचं वाईट बी वाटलं होतं. त्याला वाटलं, आता दूध नीट होईल आन चांदी राहील, कुनाला काही सांगायचं काम न्हाई. पन वास जाईना! मातीचं मडकं ते. रोज बुडाला लागून लागून वास त्याच्या अंगात मुरला होता. हे त्या लेकराला काय ठाऊक. तो रोज सकाळी मायच्या आधी उठून मडक्यात नाक घालायचा. त्याला बी कोडं पडलं, का आता म्या काहीच करत न्हाई, तरी वास येतो कसा? नूरमावशी खरंच बोलली का काय?

बाजाराच्या दिवशी आबा, भुजंग आन मी, असे तिघं चांदीला घेऊन निघालो. मी पाह्यजेच होतो. मी संगं असलो की कुनी भाव पाडत न्हाई. सगळ्या रस्त्यानं भुजंग चांदीच्या पाठीवर बी बसला न्हाई. शेपटीला धरून मागं मागं चालला.

महेमूदभाईंनी लांबूनच चांदी हेरली. तव्हा त्यांची दाढी काळी होती. कास पाह्यली, पाठ थोपटली. "कारभारी, जानवर तो एकदम मस्त है. मंग इकून कायको राह्यले?"

आबा म्हणाले, "आधी खोड ऐका, महेमूदभाई. दूध भरपूर देते. पन ते दूध इस्तू सोसत न्हाई. तापवलं की जळका वास मारतं. दह्याला चालायचं न्हाई."

भोवतीचे लोक पुढं सरकले. असली खोड बाजारात कुनी ऐकली न्हवती. महेमूदभाईंनी भुवया चढवल्या, उपरणं पसरलं, आन दोघांचे हात खाली गेले. भाव असाच चालायचा, कापडाखाली बोटं दाबून. वरून नुसतं कापड हालताना दिसतं. मी आबाचं तोंड पाहत होतो. खोड सांगितल्यावर बोटं कमीच लागत असतील, आबाचं तोंड बारीक होत चाललं होतं. एकदा सगळा पंजा दाबला की सौदा झाला. मंग बाप आला तरी मोडत न्हाई.

भुजंग त्या हालणाऱ्या कापडाकडं पाहत होता. एकदम पुढं झाला आन आबाचं धोतर धरलं.

"आबा, खोड चांदीची न्हाई."

"गप ऱ्हाय."

"आबा, म्या गोवरी घालत होतो! चोरून. रोज एक जास्तीची. दूध म्या जाळलं."

कापड हालायचं थांबलं.

"काहून?" आबांनी इचारलं.

"गोवरी इझली की माय निजा म्हणायची. आन भाऊची गोष्ट आपुरी राह्यची."

अख्खा बाजार हसला. मला तर कुठं पाहावं कळंना. पन खोटं कशाला बोलू, छाती जराशी फुगली बी. आबा मात्र हसले न्हाईत. त्यांनी उपरण्याखालून हात काढून घेतला.

महेमूदभाई उसळले. "अरे वा! आता तर मला पाह्यजेच. बेदाग म्हैस है. चला, पूरा भाव देतो!"

"महेमूदभाई, खोड होती म्हणून इकत होतो. खोडच न्हाई तर इकू काहून?"

"छोरा, जरा पहिले बोलता तो मी दुसरी तरी पाह्यली असती!" ते म्हणाले, आन मंग उपरणं खांद्यावर टाकत भुजंगच्या डोक्यावर टपली मारली. "पन बोलला. बरा बोलला."

घरी येताना आबा वाटंत एकदाच बोलले. "भुजंग, म्या आज भरल्या बाजारात खोटं बोललो. चांगल्या जनावराला वाईट म्हणलो. आन ते खोटं हाय हे मला ठाऊक बी न्हवतं."

बाजारात न रडलेला भुजंग तिथं रडला.

मायनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता फुंकणी उचलती. तर तिनं सोताचे दोन्ही हात पुढं केले. राखेनं घासून घासून कातडं निघालं होतं. "मला वाटलं माझ्या हातालाच वास लागलाय," ती म्हणाली. तुळजानं ते हात धरले आन ती बी रडायला लागली. जरा येळानं मायनं ते मडकं उचलून चांदीच्या पाण्याला लावलं, आन उद्या कोरं आणते म्हणाली. मंग भुजंगला म्हणाली, "इथून पुढं गोवरी तू लावायची. इझली का न्हाई, तूच सांगायचं. म्या पाहायला येणार न्हाई."

आन खरंच, दुसऱ्या दिवशी नवं मडकं चुलीवर चढलं, तशी माय चुलीकडं पाठ करून वाती वळत बसली.

त्या सांजेला मी अशी गोष्ट काढली, अशी काढली, का आबा बी सरकून जवळ आले. साहेब बंगल्यात जातो, बिनतेलाचा दिवा भगभगून राह्यलाय, साहेबाला झोप आली, दिवा तर इझवायचाय, साहेब भिंतीकडं हात नेतो... भुजंग पुढं वाकला. तोंड उघडं. ह्याच एका गोष्टीसाठी त्यानं उन्हाळाभर गोवऱ्या जाळल्या होत्या. तेवढ्यात त्यानं चुलीकडं पाह्यलं.

"माय, इझली."

"अरे, आजून जराशी धग दिसती की," मी म्हणालो. थोरला भाऊ मी. "थांब की जरा."

"न्हाई भाऊ. राख झाली."

मायनं पाठ न वळवता वाती गोळा केल्या. भुजंगनं मडकं उतरवलं, गोधडी ओढली आन भिंतीकडं तोंड करून निजला. साहेबाचा हात तसाच हवेत राह्यला.