दहा पावलं आणि डाव्या हातातला झेंडा

नाशिकमध्ये त्या काळी दोनच मापं खरी मानली जायची. एक सराफ बाजारातला काटा आणि दुसरी माझी दहा पावलं. हे मी नाही, लोक म्हणायचे. म्हणजे मी त्यांच्यासमोर इतक्यांदा म्हटलं, की शेवटी तेही म्हणायला लागले.

फुटबॉलमध्ये फाऊल झाला की समोरच्या संघाला फ्री किक मिळते, आणि चूक करणाऱ्यांनी चेंडूपासून दहा यार्ड, म्हणजे तीस फूट लांब उभं राहायचं असतं. नियम एवढासा, पण पाळतो कोण? चार-पाच जण खांद्याला खांदा लावून भिंत करतात आणि ती भिंत चालते. एकदा मी नुसतं घड्याळात पाहिलं, तेवढ्यात भिंत इतकी पुढे आली की किक मारणाऱ्याच्या बुटाची नाडी तिनं सोडून दिली. हल्लीचे रेफरी कमरेचा फवारा काढून गवतावर पांढरी रेघ मारतात. नव्वदीच्या दशकात आमच्या कमरेला घाम पुसायचा रुमाल असायचा. आम्ही चेंडूपासून पावलं मोजायचो आणि टाचेनं मुरुमात रेघ ओढायचो.

मी मोठ्यानं मोजायचो. "एक"ला गोदाकाठचे बगळे उडायचे, "पाच"ला गंगापूर रोडवरच्या रिक्षा थांबायच्या आणि "दहा"ला धरणाचा दरवाजा हलायचा. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, त्यामुळे हे शेवटचं मला अधिकृतपणे माहीत होतं. रेघ ओढून झाली की मी डोळे बारीक करून कडेला बघायचो आणि म्हणायचो, "अजून दोन पावलं मागे. मैदानाला उतार आहे, उताराची वजावट धरावी लागते." लोक टाळ्या वाजवायचे. वादावादी करणारे खेळाडू मान खाली घालून मागे सरकायचे.

आता खरं सांगतो. माझी उंची पाच फूट एक इंच, तीही केस धुतलेल्या दिवशी. माझी दहा पावलं आयुष्यात कधी तीस फूट भरली नाहीत. तेवीस भरायची.

बाकीचे सात फूट माझा मित्र भरायचा. तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आणि रविवारी माझा लाइन्समन, म्हणजे कडेला झेंडा घेऊन उभा राहणारा. मॅचच्या आधी तो कडेच्या रेषेबाहेर टेपनं मोजून दर पाच यार्डांवर एक पांढरा खडा ठेवायचा. बाजूनं पाहणाऱ्याला भिंत कुठल्या खड्यासमोर उभी आहे ते बरोबर दिसतं. झेंडा त्याच्या उजव्या हातात असला तर अंतर ठीक. डाव्या हातात गेला तर भिंत जवळ आहे. मग झेंडा परत उजव्या हातात येईपर्यंत मी भिंत मागे रेटायचो. हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"बुटक्या, आज परत सात फूट खाल्लेस," तो चहा पिताना म्हणायचा.

"मी नाही, उतारानं खाल्ले."

"उतार मैदानाला नाही रे, तुझ्या तंगड्यांना आहे."

"कुणाला बोललास तर बघ."

"बोलून काय करू? मग शिट्टी माझ्या गळ्यात मारतील. बस दुरुस्त करून माझे गुडघे बसलेत, मी कुठे पळू?"

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका बुधवारी दुपारी तो बसखालून बाहेर आला, बाकावर बसला आणि गेला. मला फोन आला तेव्हा मी फाइलीला नाडी बांधत होतो. ती बांधून झाल्यावर उठलो. अमरधाममध्ये लोक रडत होते. मी दारातल्या चपला जोडीनं लावत बसलो. मला काहीच वाटत नव्हतं. घरी बायको म्हणाली, "त्यांच्याबद्दल काहीतरी बोला, मोकळं वाटेल." मी बोलायला गेलो तर साधी थापसुद्धा सुचेना. तेव्हा ती घाबरली.

रविवारी फायनल होती. स्पर्धेचे सेक्रेटरी घरी आले. "सर, दुसरा रेफरी बघू का?"

"कशाला?" मी विचारलं. मला खरोखरच कळलं नव्हतं.

ओझरच्या कामगारांचा संघ विरुद्ध नांदगाव. ओझरचा कप्तान दोनदा फायनलला येऊन हरला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, म्हणजे ही त्याची शेवटची मॅच. टॉसच्या वेळी तो म्हणाला, "सर, आज करंडक घरी न्यायचाय. पोरीनं टीव्हीवरची जागा पुसून ठेवलीय." मी नाणं उडवलं.

शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा ओझर एक-शून्यनं पुढे होतं. नांदगावला गोलपासून वीस यार्डांवर फ्री किक मिळाली. मी चेंडूपासून निघालो. एक, दोन, तीन. आवाज माझाच होता, पण शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा लांबून येत होता. दहाला टाचेनं रेघ ओढली. ओझरची भिंत रेघेवर आली, मध्ये कप्तान. मी सवयीनं कडेला पाहिलं.

तिथं एक नवा लाइन्समन उभा होता. झेंडा त्याच्या डाव्या हातात होता.

"मागे," मी म्हणालो. भिंत दोन पावलं मागे गेली.

झेंडा डाव्याच हातात.

"अजून मागे."

"उतार जास्त आहे का सर आज?" भिंतीतला एक जण हसला.

"मागे."

भिंत मागे जात होती आणि मी त्या झेंड्याकडे बघत होतो. तो हात बदलत नव्हता. त्या बिचाऱ्यानं का बदलावा? भिंत गोलसमोरच्या सहा यार्डांच्या चौकोनात शिरली. ओझरचा गोलकीपर ओरडला, "सर, मला काय दिसंना! आता काय ह्यांना मांडीवर घेऊ?"

कप्ताननं त्यालाच दटावलं. "गप ए. सरांनी मोजलंय."

मी नवी रेघ ओढली. परत कडेला पाहिलं. शेवटी नांदगावचा किक मारणारा हळूच म्हणाला, "सर, मारू ना?" तेव्हा कुठे मी शिट्टी वाजवली. चेंडू भिंतीवरून खाली आला. भिंतीमागच्या गोलकीपरनं तो पाहिला, पण जाळ्यातच. एक-एक. पुढे पेनल्टींवर नांदगाव जिंकलं. गुलाल उधळला, ढोल वाजले.

सगळे पांगल्यावर मी मैदानाच्या माळ्याकडून टेप आणली. एकट्याला टेप धरता येईना, टोक सारखं सुटून यायचं. ओझरचा कप्तान बूट हातात घेऊन तिथंच बसला होता. तो उठला आणि त्यानं चेंडूच्या जागी टोक दाबून धरलं. मी नव्या रेघेपर्यंत गेलो.

"किती भरलं?"

"चव्वेचाळीस फूट."

"आणि पाहिजे किती?"

"तीस."

तो टोक तसंच धरून उकिडवा बसला. मी त्याला सगळं सांगितलं. खडे, झेंडा, उजवा हात, डावा हात. मग तो म्हणाला, "सर, पण ते तर बुधवारीच गेले ना."

"हो."

"मग तिकडं काय बघत होता?"

त्यानं टोक सोडलं. टेप मुरुमावरून सरसरत माझ्या हातात आली. त्यानं बूट पायात घातले आणि लंगडत स्कूटरकडे गेला. चिडला असता तर बरं झालं असतं.

मी मांडवात जाऊन रिपोर्ट लिहिला. चूक माझी, भिंत चौदा फूट जास्त मागे नेली, कारण झेंडा डाव्या हातात होता. सेक्रेटरींनी कागद वाचला आणि पोट धरून हसले. शेजारच्यालाही वाचायला दिला. "सर, तुम्ही म्हणजे ना! अशा दिवशीसुद्धा!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, कागदाची घडी केली आणि निकाल नांदगावच्या बाजूनं कायम केला.

"खरं आहे ते," मी म्हणालो.

"असू द्या, असू द्या. चहा घ्या."

मी चहा घेतला. गार होता, गरम होता, आठवत नाही.